भुताचं बोट कोणाकडे?

हॉस्टेलमध्ये लाइट गेली की दोनच कार्यक्रम होतात. अंताक्षरी, नाहीतर भुतं. आमच्या मजल्यावर अंताक्षरी पहिल्या वीस मिनिटांत गुंडाळली जायची. मग कोणीतरी एक रुपयाचं नाणं काढायचं, पाठकोऱ्या कागदावर ए टू झेड लिहायचं, मेणबत्ती लावायची आणि प्लँचेट सुरू. तीन बोटं नाण्यावर. नाणं खरंच सरकायचं, शप्पथ.

फर्स्ट इयरला अशाच एका रात्री आम्ही नाण्याला विचारलं, 'या मजल्यावर कोणाच्या अंगात येतं?' नाणं एका अक्षरावर जाऊन थांबलं. त्या अक्षराची मजल्यावर एकच मुलगी होती. लांबच्या गावाहून आलेली, फारशी कोणात न मिसळणारी, रात्री झोपेत बडबडणारी. दुसऱ्या दिवशी ती मेसमध्ये येऊन बसली तेव्हा त्या टेबलवरून दोघी उठल्या. आठवड्याभरात तिच्या फोटोचं स्टिकर ग्रुपवर फिरायला लागलं. दिवाळीच्या सुट्टीला ती घरी गेली ती हॉस्टेलवर परत आलीच नाही.

त्या नाण्यावर तीन बोटं होती. त्यातलं एक माझं.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे जपानी भुतं. सप्टेंबर २०२५ मध्ये 'डेमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल' आपल्याकडे थिएटरात लागला आणि ज्यांनी आयुष्यात कधी अॅनिमे पाहिलं नव्हतं तेही रांगेत दिसले. त्यातले राक्षस मरताना त्यांची गोष्ट उलगडते. हा आधी माणूस होता, याच्यावर असं असं बेतलं, म्हणून हा असा झाला. मला वाटायचं ही लेखिकेची किंवा लेखकाची आयडिया. मग जपानी भुतांबद्दल मिळेल ते वाचत सुटले आणि कळलं, की ही आयडिया हजार वर्षं जुनी आहे. 'हा आधी माणूस होता' हेच तर तिथल्या कित्येक भूतकथांचं मूळ आहे.

त्या वाचनातून एक मत तयार झालं, ते आज मांडते. भुताची गोष्ट खरी की खोटी, हा प्रश्न आपण नेहमी पहिला विचारतो. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की, या गोष्टीतलं बोट कोणाकडे आहे? ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्याकडे, की ज्याला कोणी वाली नाही त्याच्याकडे?

मेल्यावर प्रमोशन

सुरुवात दरबारापासून करू. इसवी सन ७९४ ते ११८५ हा जपानचा हेआन काळ. राजधानी आजच्या क्योतोला. या दरबारात सुगावारा नो मिचिझाने नावाचा एक विद्वान होता. कवी, अभ्यासक, खानदानी उमराव नसूनही हुशारीवर मंत्रिपदापर्यंत पोचलेला. हे फुजिवारा घराण्याला खुपलं. ९०१ मध्ये त्याच्यावर कटाचा आळ आला आणि त्याची रवानगी थेट दक्षिणेला क्युशू बेटावर, दाझाइफूला झाली. दोन वर्षांत तो तिथेच गेला.

आणि मग राजधानीत एकेक घडायला लागलं. त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला फुजिवारा नो तोकिहिरा ९०९ मध्ये ऐन तारुण्यात मेला. ९२३ मध्ये युवराज गेला. ९३० मध्ये राजवाड्यावर वीज पडली, दरबारातली माणसं मेली, काही महिन्यांत सम्राटही गेला. दरबाराची खात्री पटली, की हा मिचिझानेचा सूड आहे. अन्यायाने मेलेल्या आणि सूड घ्यायला परतलेल्या अशा आत्म्याला जपानीत 'ओनऱ्यो' म्हणतात.

आता पुढची गंमत बघा. दरबाराने मांत्रिक बोलावून त्याला बाटलीत नाही भरलं. त्याची माफी मागितली. ९२३ मध्ये त्याचं पद परत दिलं. त्याच्यासाठी क्योतोमध्ये कितानो तेनमांगू हे देवस्थान उभं राहिलं. ९९३ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर ९० वर्षांनी, त्याला राज्यातलं सर्वोच्च मंत्रिपद बहाल झालं. मेल्यावर प्रमोशन! आज तो 'तेनजिन' या नावाने विद्येचा देव आहे. परीक्षेच्या सीझनला जपानी विद्यार्थी त्याच्या देवळात लाकडी पाटीवर 'अमुक युनिव्हर्सिटीत अॅडमिशन मिळू दे' असं लिहून टांगतात.

वीज विजेच्या कारणाने पडली, हे तुम्हाला-मला माहीत आहे. पण वीज पडल्यावर दरबाराला नेमकं याचंच नाव का आठवलं? कारण आपण काय केलंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ज्या काळात राजाला जाब विचारायची सोय नव्हती, त्या काळात भुताने जाब विचारला. इथे बोट वर होतं, थेट सिंहासनाकडे.

ज्यांची केस कोर्टात उभी राहिली नसती

मध्ये काही शतकं ओलांडतो. वाटेत मुरोमाची काळात एक मजेदार कल्पना दिसते, 'त्सुकुमोगामी'. शंभर वर्षं वापरलेल्या वस्तूत जीव येतो आणि तिला निष्काळजीपणे फेकून दिलं तर ती चिडते. जुन्या चित्रपटांवर, म्हणजे गुंडाळीच्या लांबलचक चित्रांवर, छत्र्या, वाद्यं, भांडी रात्री मोर्चा काढून निघालेली दिसतात. दर दोन वर्षांनी फोन बदलणाऱ्या आपल्या पिढीने यातून काय घ्यायचं ते घ्यावं.

खरी धमाल येते एदो काळात, १६०३ ते १८६८. देशात शांतता, शहरं वाढलेली, लाकडी ठशांची छपाई स्वस्त झालेली. भुतं आता दरबारातून बाजारात आली. लोक रात्री जमून निळ्या कागदाच्या दिव्यात शंभर वाती लावत, एकेक गोष्ट सांगत आणि प्रत्येक गोष्टीनंतर एक वात विझवत. शंभरावी वात विझली की खरं काहीतरी येतं, असा समज. म्हणून पुष्कळजण नव्व्याण्णववर थांबत. आमच्या हॉस्टेलचे पूर्वज! १७७६ मध्ये तोरियामा सेकिएन या चित्रकाराने या सगळ्या अचाट प्राण्यांची, म्हणजे 'योकाईं'ची, एकेक पान एकेकाला देऊन चित्रांची पुस्तकं काढायला सुरुवात केली. पोकेमॉनची पोकेडेक्स आठवली ना? तशीच.

पण या मौजेच्या बाजूला दोन बाया उभ्या आहेत, त्यांच्याकडे बघायला हवं.

पहिली ओइवा. १८२५ मध्ये एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, त्सुरुया नानबोकू या नाटककाराचं 'योत्सुया काईदान' हे काबुकी नाटक रंगमंचावर आलं. ओइवा ही एका बेकार सामुराईची बायको. नुकतीच बाळंत झालेली, आजारी. शेजारच्या श्रीमंत घरातल्या मुलीला तिचा नवरा हवा असतो, म्हणून त्या घरून 'औषध' येतं. ओइवा विश्वासाने ते घेते आणि तिचा चेहरा विद्रूप होतो. केस विंचरायला बसते तर केसांचे पुंजके हातात येतात. ती मरते. नवरा तिचं प्रेत एका दाराच्या फळीला ठोकून नदीत सोडून देतो आणि दुसऱ्या लग्नाच्या तयारीला लागतो. मग ती परत येते. आजही हे नाटक करण्याआधी नटमंडळी ओइवाच्या देवस्थानी जाऊन नमस्कार करून येतात.

दुसरी ओकिकु, एका सामुराईच्या घरातली मोलकरीण. या गोष्टीची रूपं बरीच आहेत. त्यातल्या एकात मालक तिच्यामागे लागतो, ती नकार देते. तो दहा मौल्यवान थाळ्यांमधली एक लपवून तिच्यावर चोरीचा आळ घेतो आणि शेवटी तिचं प्रेत विहिरीत जातं. रोज रात्री विहिरीतून मोजण्याचा आवाज येतो. एक, दोन, तीन... नऊ. आणि मग किंकाळी. हिमेजीच्या किल्ल्यात 'ओकिकुची विहीर' आजही पर्यटकांना दाखवतात.

विचार करा, त्या काळात मोलकरणीने सामुराई मालकाविरुद्ध तक्रार कुठे केली असती? बायकोने नवऱ्याविरुद्ध? तिचं म्हणणं ऐकून घेणारी एकच जागा उरली होती, भुताची गोष्ट. जिवंतपणी ज्यांचा आवाज दाराबाहेर गेला नसता, त्यांना मेल्यावर भरगच्च थिएटर मिळालं. दीडशे-दोनशे वर्षांनी टीव्हीतून बाहेर येणारी 'रिंग'मधली सादाको आठवा. कोजी सुझुकीची कादंबरी १९९१ ची, सिनेमा १९९८ चा. तीही मुळात विहिरीत ढकललेली मुलगी आहे. ओकिकुचीच नात म्हणा ना. फक्त थाळ्यांच्या जागी व्हिडिओ कॅसेट आली.

आणि बोट खाली वळतं तेव्हा

इथवर वाचून वाटेल, वा! जपानी भुतं म्हणजे सामाजिक न्यायाची चळवळच. थांबा. हीच परंपरा दुसरंही काम करत होती.

जपानी समजुतीप्रमाणे कोल्हा, 'कित्सुने', माणसाला झपाटतो. अॅनिमेत तो फारच गोड दिसतो, नऊ शेपट्या वगैरे. पण पश्चिम जपानात, विशेषतः शिमानेच्या भागात, काही कुटुंबांवर 'कित्सुने-मोची' असा शिक्का होता. म्हणजे कोल्हे पाळणारी, ते दुसऱ्यांच्या अंगावर सोडणारी घराणी. गावात कोणी आजारी पडलं, कोणाचं पीक गेलं की बोट त्या घराकडे. अनेकदा ही घरं गावात मागाहून येऊन थोडा पैसा गाठीला बांधलेली असत, म्हणजे आधीच लोकांच्या डोळ्यांत सलणारी. त्यांच्याशी सोयरीक कोणी करत नसे. शिक्का वारशाने पुढच्या पिढीला मिळे. आणि हे काही हेआन काळातलं सांगत नाही मी. विसाव्या शतकात, दुसऱ्या महायुद्धानंतरही, यावरून लग्नं मोडत होती.

गोष्ट तीच, कोल्हा तोच. पण ओइवाच्या गोष्टीत अन्याय झालेली बाई भूत होते आणि इथे जिवंत माणसाला भूत ठरवून त्याच्यावर अन्याय होतो. हा फरक मला फार मोठा वाटतो. सगळी लोककथा 'आपला ठेवा' म्हणून कवटाळणाऱ्यांना हा फरक दिसत नाही आणि सगळीच 'अंधश्रद्धा' म्हणून झटकणाऱ्यांनाही दिसत नाही.

तो ज्याला दिसला असावा असं मला वाटतं, त्या माणसाचं नाव इनोउए एनऱ्यो. जन्म १८५८, एका बौद्ध मंदिरातलं घर. १८६८ नंतरच्या मेइजी काळात जपान झपाट्याने आधुनिक होत होता, तेव्हा याने तत्त्वज्ञान शिकून १८८७ मध्ये एक शाळा काढली, तीच आजची तोयो युनिव्हर्सिटी. आणि आयुष्यभर देशभर फिरून एकच काम केलं, भुतांचा छडा लावला. लोक त्याला 'योकाई डॉक्टर' म्हणायचे.

तेव्हा जपानमध्ये 'कोक्कुरी' नावाच्या खेळाची साथ आली होती. तीन बांबूंच्या तिवईवर झाकण ठेवायचं, हात टेकवायचे, प्रश्न विचारायचे. तिवई हलून उत्तर देते! लोक म्हणाले, कोल्ह्याचा आत्मा. एनऱ्योने माग काढला, तेव्हा त्याला धागा मिळाला तो १८८४ च्या सुमारास शिमोदाला आलेल्या अमेरिकन खलाशांच्या टेबल हलवायच्या खेळाचा. कोल्हा वगैरे नंतर चिकटला. मग तिवई हलते कशी? तर हात टेकवणाऱ्याला जे उत्तर अपेक्षित असतं, त्या दिशेने त्याचे स्नायू त्याच्याही नकळत जोर लावतात.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. आमचं प्लँचेट आणि हे कोक्कुरी एकाच घराण्यातले, दोन्ही पाश्चात्त्यांच्या त्या टेबल हलवण्यातून निघालेले. म्हणजे नाणं त्या अक्षराकडे कोणी नेलं? आम्ही नेलं. तिचं नाव नाण्याला माहीत नव्हतं, आमच्या तिघींच्या मनात होतं. ती वेगळी होती, तिच्यामागे कोणी उभं राहणार नव्हतं आणि बोटांना हे बरोबर कळत होतं.

एनऱ्योबद्दल आणखी एक गोष्ट मला आवडते. त्याला भुतं पुसून टाकायची होती. पण पुसण्यासाठी त्याने ती इतक्या बारकाईने गोळा केली, लिहून ठेवली, त्यांचे प्रकार पाडले, की नंतरच्या अभ्यासकांना त्याचा मोठाच उपयोग झाला. गोष्ट नीट ऐकून घेतल्याशिवाय ती खोडताही येत नाही, हे त्याच्याकडून शिकावं.

फॉरवर्ड करण्यापूर्वी

विसाव्या शतकात दोन्ही बोटं चालूच राहिली. १९७९ मध्ये 'कुचिसाके-ओन्ना'ची, म्हणजे फाटलेल्या तोंडाच्या बाईची अफवा काही महिन्यांत देशभर पसरली. संध्याकाळी मास्क लावलेली बाई भेटते, 'मी सुंदर दिसते का?' विचारते आणि मास्क काढते. मुलं घाबरून घोळक्याने घरी जायला लागली. इंटरनेट नाही, मोबाइल नाही. शाळेतून क्लासला आणि क्लासमधून दुसऱ्या शाळेला, मुलांनीच ही गोष्ट पोचवली. त्या दिवसांत सर्दी झाली म्हणून मास्क लावून एकट्या निघालेल्या बाईकडे मुलांनी कसं पाहिलं असेल?

याउलट आमाबिए. १८४६ च्या एका छापील पत्रकात, म्हणजे तिथल्या वर्तमानपत्राच्या पूर्वजात, बातमी आहे की हिगो प्रांतात समुद्रातून लांब केसांचा, चोचीचा, खवल्यांचा प्राणी वर आला आणि म्हणाला, साथ आली तर माझं चित्र काढून लोकांना दाखवा. २०२० मध्ये करोना आला आणि जपानी लोकांनी सोशल मीडियावर खरोखर आमाबिएची चित्रं काढायला सुरुवात केली. तिथल्या आरोग्य मंत्रालयानेही तिचं चित्र जनजागृतीसाठी वापरलं. चित्राने विषाणू मरत नाही, हे काढणाऱ्यांना ठाऊक होतं. पण घरात अडकलेला माणूस दुसऱ्या अडकलेल्या माणसाला 'सांभाळ रे' म्हणत होता. यात बोट कोणाकडेच नव्हतं. हात होता.

शेवटची गोष्ट माझ्या फार जवळची आहे, कारण ती माझ्याच वयाच्या एका विद्यार्थिनीची आहे.

११ मार्च २०११ ला ईशान्य जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी झाली. सुमारे १८ हजार माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. इशिनोमाकी हे सगळ्यात जास्त फटका बसलेल्या शहरांपैकी एक. तोहोकू गाकुइन युनिव्हर्सिटीत समाजशास्त्र शिकणारी ही मुलगी आपल्या प्रबंधासाठी तिथे जायची आणि टॅक्सी ड्रायव्हरांना विचारायची, त्सुनामीनंतर तुम्हाला काही वेगळा अनुभव आला का? शंभराहून जास्त ड्रायव्हरांशी ती बोलली. बहुतेकांनी उडवून लावलं, काही चिडले. सात जणांनी सांगितलं.

एकाने सांगितलेली गोष्ट अशी. उन्हाळ्याचे दिवस. जाड हिवाळी कोट घातलेली एक बाई टॅक्सीत बसली आणि तिने त्सुनामीत वाहून गेलेल्या वस्तीचं नाव सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, तिथे आता काहीच उरलेलं नाही, तरी जायचंय का? तिने थरथरत्या आवाजात विचारलं, मी मेलेय का? त्याने मागे वळून पाहिलं तर सीट रिकामी.

एनऱ्यो असता तर त्याने याचंही मानसशास्त्र सांगितलं असतं आणि मला ते पटलंही असतं. पण या मुलीने भूत होतं का हे सिद्ध करायचा प्रयत्नच केला नाही. त्या माणसांना काय वाटलं, त्यांनी पुढे काय केलं, हे तिने विचारलं. उत्तरं अशी की ते घाबरले नव्हते. प्रवासी बसला म्हणून त्यांनी मीटर टाकला होता, तेव्हा ते भाडं त्यांनी स्वतःच्या खिशातून भरलं. पुन्हा असं कोणी भेटलं तर पुन्हा बसवू, असंही ते म्हणाले. ज्या गावात घराघरातलं कोणी ना कोणी गेलंय, तिथे हे भूत परकं नव्हतंच. आपलंच माणूस, घरी जायची वाट शोधत असलेलं.

पत्रकारिता शिकताना आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगतात, फॅक्ट चेक करा. बरोबरच आहे. पण त्या मुलीने मला त्याच्या आधीची पायरी दाखवली. आधी ऐका. कोण बोलतंय, कशाची भीती आहे, कोणावर अन्याय झालाय आणि बोट कोणाकडे आहे. मग खरं-खोटं करा. आणि बोट एखाद्या एकट्या, बिचाऱ्या जिवंत माणसाकडे असेल, तर गोष्ट कितीही भारी असो, तिथेच थांबवा. फॉरवर्ड करू नका. हसूही नका.

भुताच्या गोष्टी बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही. पुढच्या वेळी लाइट गेली की जरूर सांगा. ओइवाची सांगा, ओकिकुची सांगा, आपल्या आजीने सांगितलेली सांगा. फक्त नाण्यावर बोट ठेवलंत, तर ते कुठे सरकतंय यावर लक्ष ठेवा. कारण सरकवणारे तुम्हीच असता.

त्या मुलीचा नंबर माझ्याकडे अजून आहे. हा लेख लिहायला घेतल्यापासून दोनदा तिचं नाव उघडून बसले. काय बोलायचं हे ठरत नव्हतं. दरबाराला माफी मागायला वीस वर्षं लागली, मला चारच झालीत, अशी स्वतःची समजूतही घालून पाहिली. ती काही पटली नाही. हे पान छापून तुमच्या हातात पडेल, त्याच्या आधी तिला फोन करायचा, असं ठरवलंय.